ऊसवाल्याचा डेलिया

पाचगणीच्या खालच्या अंगाला धुकं दाटलं होतं. आपल्या रोपवाटिकेकडे निघालेल्या क्रांतीने स्कुटी थांबवली, ती शेजारच्या वावरातला प्रकार बघून. एक उंचापुरा तरुण डेलियाच्या फुलझाडांची चार-चार रोपं त्यांच्याच पाल्याने एकत्र बांधत होता.

“आवं... ऊस हाय का त्यो?” तिला हसू आवरेना.

तो गोरामोरा झाला. “पलूसचा हाय मी, साईराज. ऊस लोळू नये म्हणून आमच्यात असाच बांधत्यात.”

“आन् युरिया?”

“दिलाय की! उसाला देतो तेवढा.”

क्रांतीने कपाळावर हात मारला. “मग बसा आता नुसती पानं बघत!”

वडिलांशी हुज्जत घालून साईराजने हे वावर खंडाने कसायला घेतलं होतं. दिवाळीपर्यंत फूल दिसलं नाही, तर गुमान घरच्या उसात परतायचं, अशी वडिलांची अट होती. क्रांतीने त्याचा युरिया बंद केला, रोपाला राख घातली, प्रत्येकाला वेगळी काठी दिली. सुतळी बांधताना बोटांना बोटं लागायची... आणि दोघंही उगाचच रोपाकडे बघायची. तिला ते फार आवडायचं.

“ही जात लय उशिरा फुलती,” ती म्हणाली. “थंडी मुरल्याबिगर तोंड उघडत न्हाई.”

“काही माणसंबी तशीच...”

“कोण?”

“न्हाई — कुनी न्हाई.”

दिवाळी आली. रोपं डोक्याच्या वर गेली, पण फूल एकही नाही. भाऊबीज उरकताच त्याचे वडील, केरबा, जीप घेऊन हजर झाले. साईराजने बॅग जीपमध्ये मागे टाकली. बांधावर उभी क्रांती पुढे झाली. आता गप्प बसलं तर हा कायमचा जाणार.

“आवं काका, कळ्या धरल्यात. थंडी पडूस्तवर थांबा की!”

“आन् तरीबी न्हाई फुललं तर?”

“तर... तर मी येते पलूसला. ऊस लावायला.”

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. साईराज बॅगेचा बंद धरून तसाच उभा राहिला. केरबांनी रोपांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे.

“बॅग उतरव रं,” ते म्हणाले. “फुलं येऊ देत न्हाईतर न येऊ देत. आदी हिच्या घरचा रस्ता दाव मला.”