डावी सीट

जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या व्यवहारात त्याला कुणी नावानं ओळखत नसे. सगळे पारखी म्हणत. वय छप्पन्न. गाडी अस्सल किती आणि नंतर जोडलेली किती, हे तो कागदावर लिहून द्यायचा, आणि त्या कागदावर मोठमोठी संग्रहालयं डोळे मिटून विश्वास ठेवायची. बोलणं मोजकं. त्याची बायको म्हणायची, "तुम्ही लग्नातल्या नवरीकडेसुद्धा दुसऱ्यांदा रंग मारलाय का, अशा नजरेनं बघता." त्यावर तो हसायचाही नाही. माणसं थापा मारतात, लोखंडाला ते जमत नाही, एवढंच त्याचं मत होतं आणि तेवढ्यावर त्याची तीस वर्षं छान निघाली होती.

त्या दिवशी काम साधंच होतं. डोंगराच्या पायथ्याशी एका एकाकी घराच्या शेडमध्ये एक गाडी उभी होती. दोन माणसांची, उघडी, नव्वद वर्षांची. तिचा मालक त्याच हिवाळ्यात म्हातारपणानं वारला होता. शर्यतीच्या दिवसांत लोक त्याला वस्ताद म्हणत. आता घरात त्याची बहीण एकटी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. एका संग्रहालयाला गाडी हवी होती. पारख्यानं ती तपासायची, थोडी चालवायची आणि अहवाल द्यायचा.

सकाळी दहाला तो पोचला. बाईंनी शेडचं कुलूप काढून दिलं आणि त्या दाराशीच स्टुलावर बसल्या. शेड इतकी स्वच्छ होती की त्याला जरा चमत्कारिकच वाटलं. हत्यारं भिंतीवर ओळीनं टांगलेली, फरशीवर तेलाचा एक डाग नाही. वास मात्र होता. कातडं, जुनं ऑइल, आणि त्याखाली आणखी काहीतरी... घामेजल्या लोकरीसारखं.

"दादा दर रविवारी इंजिन सुरू करायचा," बाई म्हणाल्या. "टायर बदलले तेही स्वतःच. दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही. पण चालवली नाही कधी. त्या दिवसानंतर फाटकाबाहेर नेली नाही."

"कुठल्या दिवसानंतर?"

बाईंनी सरळ सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. चोपन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. वर घाटात शर्यत होती. गाडी त्यांचा भाऊ चालवत होता आणि डाव्या सीटवर त्याचा मेकॅनिक होता. या गाडीला पेट्रोल आपोआप चढत नाही. डाव्या बाजूला हातपंप आहे, तो तिथल्या माणसानं मारत राहायचा, म्हणजे टाकीत दाब राहतो. तिसऱ्या वळणावर गाडी घसरली, बांधाला घासत गेली. मेकॅनिक बाहेर फेकला गेला तो थेट दरीत. भावाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत ठरलं की मेकॅनिकनं ऐन वळणावर पंप सोडला, इंजिन अडखळलं, गाडी हातातून गेली.

"मेकॅनिक म्हणजे आमचे हे," बाई म्हणाल्या. "लग्नाला अकरा महिने झाले होते."

 पारखी बॉनेट उघडत होता.

"दादानं मला सांभाळलं. चोपन्न वर्षं. कधी उणा शब्द बोलला नाही. पण पाहुणे आले, विषय निघाला, की म्हणायचा, 'बिचाऱ्यानं घाबरून पंप सोडला.' मी चहा देत असायची. ऐकायची."

दुपारपर्यंत त्यानं तपासणी संपवली. चेसिसचा नंबर खरा, इंजिन खरं, डाव्या अंगाला पत्रा ठोकून सरळ केलेला. चाकांचे मोठे नट तांब्याच्या हातोडीनं वाजवून पाहिले. घट्ट होते. चाकं उतरवून पाहायला हवी होती. ती त्यानं उतरवली नाहीत, आणि ही चूक त्यानं पुढे अहवालातही कबूल केली.

"चालवून आणतो. तिसऱ्या वळणाच्या अलीकडून परत," तो म्हणाला.

"पंप कोण मारणार?"

"मीच. डाव्या हातानं."

बाई स्टुलावरून उठून गाडीपाशी आल्या. मग म्हणाल्या, "आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ह्यांच्या खुणा ठरलेल्या असायच्या. गुडघ्यावर एक थाप, मागून गाडी येतेय. दोन थापा, ऑइल बघ. आणि दंड धरला... तर असशील तिथं थांब."

त्यानं मान हलवली आणि गाडी बाहेर काढली.

ऊन लख्ख होतं. रस्ता रिकामा. इंजिनचा आवाज एकसारखा, खर्जातला, आणि त्याला तो आवडला. सरळ रस्त्यावर दर अर्ध्या मिनिटानं तो डावा हात लांबवून पंपाची पितळी मूठ तीन-चार वेळा दाबायचा. चक्... चक्... चक्. दाबाचा काटा वर यायचा, मग हळूहळू खाली सरकायचा. पुन्हा पंप. पहिलं वळण आलं तेव्हा स्टिअरिंगला दोन्ही हात लागले. वळण लांबलचक होतं. ते संपल्यावर त्यानं काट्याकडे पाहिलं. काटा पडायला हवा होता. पडला नव्हता.

झडप अडकली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं हात मुद्दाम मागे घेतला. काटा तसाच राहिला. मग इंजिनच्या आवाजाखालून त्याला तो दुसरा आवाज ऐकू आला.

चक्... चक्... चक्.

त्यानं मान न वळवता फक्त डोळे डावीकडे नेले. पितळी मूठ आत जात होती, बाहेर येत होती. घाई नाही, चुकारपणा नाही. रोजचं काम रोजच्या हातानं करावं तशी. सीटचं कातडं खाली दबलेलं होतं. लोकरीचा तो वास आता वाऱ्यातही येत होता.

नंतर बायकोला सांगताना तो म्हणाला की भीती वाटायला वेळच झाला नाही. त्यानं वेग पाहिला, दाब पाहिला, ऑइल पाहिलं. सगळं उत्तम होतं. इतकी नीट चाललेली गाडी त्यानं वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती. दुसरं वळण गेलं. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून तो पुढे जात राहिला.

तिसरं वळण दिसलं तेव्हा पंप थांबला. अगदी अचानक. आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याचा डावा दंड कोपराच्या वर घट्ट धरला.

पारख्यानं ब्रेक दाबला.

गाडी वळणाच्या तोंडाशी थांबली, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. दंडावरची पकड सुटली. शांतता इतकी होती की तापलेलं लोखंड टिकटिकताना ऐकू येत होतं. तो उतरला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि तिथेच उकिडवा बसला. पुढच्या डाव्या चाकाचा नट जवळजवळ पूर्ण सुटून आला होता. आणखी वीस-पंचवीस हात गेलं असतं तर चाक निखळलं असतं. चालवणाऱ्याला ते चाक दिसत नाही. डाव्या सीटवरच्या माणसालाच दिसतं.

त्यानं नट हातानं फिरवून पाहिला आणि त्याला सगळं कळलं. अशा गाड्यांना दोन बाजूंचे आटे उलटसुलट असतात, म्हणजे गाडी पळेल तसे नट आवळत जातात. इथे डाव्या बाजूला उजव्या बाजूचा हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो तुंबा, बसवलेला होता. गाडी जितकी पळेल तितका नट सुटणार. हबवर बाजूची खूण ठोकलेली असते. ती खूण कानशीनं घासून काढलेली होती. आणि कानशीचे ओरखडे अपघातात पडलेल्या चऱ्याच्या वरून गेले होते. म्हणजे घासणारा अपघातानंतर बसला होता. शांतपणे, वेळ घेऊन.

नट ठोकून, चालीच्या वेगानं, पाच वेळा थांबत तो गाडी परत घेऊन आला. बाई फाटकाशी उभ्या होत्या.

"शर्यतीच्या आधी चाकं कुणी बसवली होती?" त्यानं विचारलं.

"दादानं. मला ताप होता. हे रात्रभर माझ्यापाशी होते."

त्यानं सांगितलं. आटे, हब, कानस. आणि दंडाचंही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर अहवाल अपुरा राहिला असता. "त्यांनी पंप घाबरून सोडला नाही," तो म्हणाला. "दंड धरायला सोडला. तुमच्या भावानं ब्रेक मारला नाही. आणि दोष हबचा होता, हे तुमच्या भावाला नंतर ठाऊक होतं."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हात गरम होता का?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

पारख्यानं ते चाक आणि हब काढले, गाडीचा पुढचा कोपरा लाकडी ठोकळ्यावर टेकवला आणि हब आपल्या गाडीत टाकून शहरात आणला. त्याच्या जोडीचा खरा हब मिळवायला नऊ दिवस लागले.

दहाव्या दिवशी दुपारी तो पुन्हा गेला. शेडचं दार उघडं होतं. गाडी त्यानं ठेवली होती तशीच होती, तीन चाकांवर आणि एका ठोकळ्यावर. चौथं चाक भिंतीला टेकून. तो ठोकळा पाहायला वाकला आणि आधारासाठी बॉनेटवर हात ठेवला. चटका बसून त्यानं हात मागे घेतला.

"आलात का?" मागून बाईंचा आवाज आला.

त्यांचे पांढरे केस मोकळे सुटून मागे उडालेले होते. चेहरा धुळीनं माखलेला. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, ताजा फोड आला होता.

"वळणापर्यंत जाऊन आलो," त्या म्हणाल्या.

"कोण?..." त्यानं विचारलं. "चालवत कोण होतं?"

"दादा. मी डावीकडे बसले. पंप मीच मारला." त्यांनी तळव्याकडे पाहिलं. "तिसरं वळण आलं तसा मी त्याचा दंड धरला."

"मग... थांबले?"

"थांबला की. थांबावंच लागलं. त्याला तिथेच उतरवलं मी." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "घरात पुन्हा आणणार नाही म्हटलं."

गाडी परत कुणी आणली, हे पारख्याला विचारायचं होतं. तो ठोकळ्याकडे पाहत उभा राहिला. ठोकळ्यावर धूळ होती, तिच्यावर त्या दिवशीचे त्याच्याच बोटांचे ठसे होते, आणि ते पुसले गेले नव्हते. त्यानं विचारलं नाही. हब दारापाशी ठेवला. संग्रहालयाला काय कळवू, एवढंच बोलला.

"गाडी विकायची नाही, असं कळवा. आता आम्हाला लागेल ती."

खालच्या पुलाचं काम चाललं होतं, म्हणून परतायला घाटातूनच जायचं होतं. पारखी स्वतःच्या नेहमीच्या गाडीत बसला, काचा वर केल्या, पट्टा लावला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर रस्त्यात कुणी नव्हतं. बांधावर कुणी नव्हतं. त्यानं नीट पाहिलं, वेग कमी केला नाही आणि वळण पार केलं.

पुढच्या सरळ रस्त्याला लागल्यावर गाडीत बारीक घंटी वाजायला लागली. समोरच्या काट्यांमध्ये लाल दिवा लुकलुकत होता. डाव्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही, असं तो दिवा सांगतो. सीटवर वजन नसेल तर तो लागत नाही, हे पारख्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यानं डावीकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. घंटी वाजत राहिली, एक मैल, दोन मैल. पहिली घरं दिसायला लागली तेव्हा त्याच्या शेजारी 'खट्' असा बारीक आवाज झाला, पट्टा खाचेत बसल्याचा. घंटी थांबली आणि दिवा विझला.