खरखर पकडणारं कडं

"चार वाजायला दोन मिनिटं! आता कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही!" पंडितने फर्मान काढलं.

"दोन मिनिटं? मरेन की मी!" शेपूट म्हणाली आणि तरीही गाल फुगवून बसली.

चिमटीने रेडिओवरचा स्टेशनचा आकडा पुन्हा एकदा तपासला. सुट्टी लागल्याबरोबर ती आणि शेपूट, दोघी बहिणी, मामाकडे येऊन ठेपल्या होत्या. चिमटी बारा वर्षांची. तिच्या खिशात एक छोटा चिमटा कायम असे, म्हणून हे नाव. धाकटी आठ वर्षांची, ताई जाईल तिथे मागोमाग, म्हणून शेपूट. आणि मामाचा मुलगा पंडित, वय वर्षं तेरा. त्याला जगातली यच्चयावत माहिती होती. निदान त्याचं तसं म्हणणं होतं!

मामा पलंगावर पाय लांब करून बसला होता. एक पाय प्लॅस्टरमध्ये! पूर्वी तो जहाजावर वायरलेस ऑफिसर होता. नोकरी सुटली, पण कान काही सुटले नाहीत. दूरदूरची जहाजं, विमानं, हवामानाच्या कचेऱ्या यांची बोलणी रेडिओवर शोधून काढायची आणि नुसती ऐकत बसायची, हा त्याचा छंद. सुट्टीत त्याने तो या तिघांनाही लावून दिला होता.

घड्याळात चार वाजले आणि चिमटीने रेडिओ सुरू केला.

"खर्रर्रर्रर्र!" रेडिओ ओरडला.

त्या खरखरीखाली कुणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज होता एवढंच कळत होतं. पंडित पेन्सिल हातात धरून कान लावून बसला होता. दोन मिनिटांनी तो आवाज थांबला. पंडितने काहीही न लिहिता वही मिटली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

चिमटीला फार वाईट वाटलं, कारण तो आवाज मामीचा होता.

मामी एका संशोधन जहाजावर हवामानाचं काम करायची. जहाज तीन महिने समुद्रातच होतं. रोज चार वाजता ती किनाऱ्यावरच्या कचेरीला रेडिओवरून वारा, पाऊस, लाटा यांचे आकडे वाचून दाखवायची. उलट बोलायची सोय इथे घरात नव्हती. पण ऐकता तर येत होतं!

त्यासाठीच तर अँटेनाची एवढी मारामारी झाली होती. रेडिओची स्वतःची दांडी सिमेंटच्या भिंतींआड काही म्हणता काही पकडेना. मामाने दोन पर्याय ठेवले होते. एक, गच्चीवर वीस मीटर लांब तार. दुसरा, हातात धरता येईल एवढं तारेचं कडं. चिमटीला कडं हवं होतं. पण पंडित म्हणाला, "तार जितकी लांब तितकं जास्त ऐकू येतं!" आणि तार लागली. पहिले दोन दिवस मामी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू आली. तिसऱ्या दिवशी ही खरखर सुरू झाली, त्याला आज पाच दिवस झाले.

"उद्या शेवटचं," पंडित खिडकीकडे बघतच म्हणाला. "परवापासून जहाज खूप लांब जाणार. मग आईचा आवाज दोन महिन्यांनीच."

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात सोसायटीचे अध्यक्ष उभे होते, घामाने निथळत. त्यांचं दुसरं वाक्य नेहमी 'नियम म्हणजे नियम' हे असायचं, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं नियमकाका. अर्थात, त्यांच्या माघारी.

"अर्धा तास! अर्धा तास मी लिफ्टमध्ये अडकलो होतो!" ते गरजले. "नियम म्हणजे नियम! तुमची तार गच्चीवर लागली आणि लिफ्ट बिघडली. जिन्यातले दिवेही मिणमिणतात. सगळं त्या तारेमुळे!"

"अहो, ती तार नुसतं ऐकते," मामा म्हणाला. "तिच्यातून वीज कुठे जाते?"

"ते मला सांगू नका! उद्या चार वाजता मी गच्चीवर पाहणीला येतो. तोवर तार दिसता कामा नये!" आणि नियमकाका पाय आपटत चार मजले उतरून गेले.



"उद्या चारला," पंडित कसाबसा म्हणाला. "नेमकं चारलाच!"

"थांब," चिमटी उठून उभी राहिली. "खरखर सुरू झाली पाच दिवसांपूर्वी. लिफ्ट कधी बिघडली?"

"पाच दिवसांपूर्वीच," शेपूट म्हणाली. "मी मोजलेत. तेव्हापासून माझे पाय दुखतायत!"

"म्हणजे दोन्हींचा चोर एकच! मामा, आपल्याला तो शोधता येईल?"

मामाचे डोळे चमकले. "तारेने नाही येणार. तार चारी दिशांचं सगळं गोळा करते, चांगलं आणि वाईटही. पण कड्याला दिशा कळते."

"मी म्हटलं होतं ना कडं!" चिमटी ओरडली.

पंडितने चक्क वाद घातला नाही.

संध्याकाळभर चौघे कामाला लागले. पाण्याचा उरलेला प्लास्टिकचा पाइप गोल वाकवला, त्यात तांब्याची तार ओवली, खाली काठी बांधली. जुन्या रेडिओतलं स्टेशन लावायचं चाक काढून तारेच्या दोन टोकांना जोडलं. मामा पलंगावरून सूचना देत होता, चिमटी चिमट्याने तारा पिळत होती आणि शेपूट मध्ये लुडबुडत होती. रेडिओ बॅटरीवर चालणारा, पट्ट्याने गळ्यात अडकवता येणारा. बेत पक्का झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रोजच्यासारखी खरखर सुरू होताच तिघे अंगणात धावले. कडं पंडितच्या हातात होतं. त्याने ते डोळ्यांसमोर धरलं आणि खिडकीतून बघावं तसा आतून बघत हळूहळू फिरू लागला. रेडिओचा आवाज वाढत गेला. मग एकदम मोठ्ठा झाला!

"सापडला!" तो किंचाळला. "समोर टेलरचं दुकान! त्यांचं मशीनच चोर आहे!"

तिघे दुकानात घुसले. टेलरकाका बिचारे कुणाच्या तरी पॅन्टची चेन बसवत होते.

"काका, मशीन बंद करा! ताबडतोब!"

टेलरकाकांनी घाबरून मशीन बंद केलं. खरखर तशीच चालू! त्यांनी दिवा बंद केला, पंखा बंद केला. खरखर ढिम्म हलेना.

"आता काय, मी पण बंद होऊ?" टेलरकाका म्हणाले.

मुलांचे चेहरे खर्रकन उतरले. वरून नियमकाकांचा आवाज आला, "शाब्बास! आता लोकांची दुकानंही बंद पाडा!"

शेपटीला तर रडूच यायला लागलं. चिमटीने दुकानाबाहेर येऊन मान वर करून चौथ्या मजल्याकडे पाहिलं. मामा बाल्कनीत कुबडीवर रेलून उभा होता.

"पंडितशास्त्री!" तो वरून ओरडला. "कड्याच्या भोकातून बघत होतास ना? आणि आवाज मोठा झाला तिकडे गेलास?"

"हो! मग?"

"नेमकं उलटं! चोर भोकाच्या समोर आला की कडं मुकं होतं. मोठा आवाज शोधू नका. शांतता शोधा!"

शांतता शोधायची? पण चिमटीने कडं घेतलं, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि अगदी सावकाश फिरू लागली. शेपूट रेडिओला कान लावून होती. तिचे कान सगळ्यांत तिखट.

"मोठा... मोठा... कमी... अजून कमी... गेला! ताई, गेला! हलू नकोस!"

कड्याच्या भोकातून समोर दिसत होता सूचनाफलक.

"सूचनाफलक काय खरखर करणार?" पंडित म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भोकाला दोन बाजू असतात! चोर पुढेही असेल किंवा पाठीमागेही! आणखी एका जागेवरून बघू!"

त्याने वहीत अंगणाचा नकाशा काढला आणि पहिली रेघ ओढली. मग गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला जाऊन पुन्हा शांतता शोधली आणि दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा एकमेकींना जिथे छेदत होत्या, तिथे अंगणाच्या कोपऱ्यातली कुलूपबंद पंपाची खोली होती!

तिघे खोलीकडे धावले. जसजसं जवळ जावं, तसतसा रेडिओ कानठळ्या बसवू लागला. तेवढ्यात फाटकाजवळ वॉचमनकाकांनी बटण दाबून पंप बंद केला आणि खरखर टपकन थांबली.

"वॉचमनकाका!" चिमटीने धावत जाऊन विचारलं. "पंप कधी कधी लावता?"

"सकाळी आठ ते नऊ, दुपारी साडेतीन ते साडेचार. का गं?"

"आणि लिफ्टची वायर कुठून जाते?"

"त्याच खोलीतल्या पेटीतून. मागच्या आठवड्यात वायरमनने तिथेच तर काहीतरी जोडलं."

"मागच्या आठवड्यात म्हणजे?"

वॉचमनकाका डोकं खाजवत म्हणाले, "तुम्ही गच्चीवर तार लावली ना, त्यानंतर दोन दिवसांनी."

चिमटीने टाळी वाजवली. पण किल्ली होती नियमकाकांकडे, आणि ते ऐकून घ्यायलाच तयार नव्हते. "पंपाच्या खोलीत मुलांना बंदी! नियम म्हणजे नियम!" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

साडेतीनला पंप सुरू झाला आणि पाच मिनिटांत लिफ्ट पुन्हा अडकली. या खेपेला आत होते दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर. त्यांना बाहेर काढेपर्यंत अर्धी सोसायटी अंगणात जमली. नियमकाका तारेच्या नावाने बोटं मोडत होते.

"काका," चिमटी पुढे होऊन मोठ्याने म्हणाली, "आमची तार दोषी आहे की पंपाची खोली, ते आत्ता सगळ्यांसमोर ठरवू. तुम्ही पंपाचं बटण हवं तेव्हा चालू-बंद करा. माझी बहीण तुमच्याकडे पाठ करून उभी राहील आणि रेडिओ ऐकून बरोबर सांगेल. एकदा जरी चुकली तरी मी स्वतः तार काढीन!"

पंडितने तिच्याकडे दचकून पाहिलं. आईचा आवाज आता शेपटीच्या कानांवर होता!

"होऊन जाऊ द्या!" डॉक्टर म्हणाले. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? नियमकाका फाटकाजवळच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बटणापाशी शिरले. शेपूट दूर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, गळ्यात रेडिओ, कानांत मामाचा हेडफोन, हातात कडं.

"बंद!" ती ओरडली.

बरोबर होतं.

"चालू!... बंद!... चालू!"

लोक टाळ्या वाजवू लागले. नियमकाकांनी मिशीत हसून हात बटणाकडे नेला, जोरात हलवला आणि बटण न दाबताच मागे घेतला.

शेपूट गप्प.

"काका," शेपूट भिंतीला उद्देशून म्हणाली, "झोपलात का? कधीचा चालूच आहे!"

अंगणात हास्याचा स्फोट झाला! टेलरकाका तर पोट धरून खालीच बसले.

"किल्ली आणा," डॉक्टर म्हणाले. आता त्यांचा आवाज हसरा नव्हता.

दार उघडलं आणि जळक्या प्लास्टिकचा भपकारा आला. "मुलांनो, मागे!" वॉचमनकाका ओरडले. भिंतीवरच्या पेटीत एका जोडावर निळ्या ठिणग्या तडतडत होत्या. वायर काळी ठिक्कर पडली होती. वायरमनने जोड नीट आवळलाच नव्हता. नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती! आणि पेटीला अगदी टेकून रंगाचे डबे आणि जुन्या कागदांचे गठ्ठे रचले होते. त्या ढिगाच्या वर पाटी होती: 'येथे सामान ठेवू नये. हुकमावरून, अध्यक्ष.'

"हे सामान कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

नियमकाकांनी खाली मान घातली. "माझंच," ते पुटपुटले.

"आज ना उद्या आग लागली असती," डॉक्टर हळूच म्हणाले. "लिफ्टमध्ये कुणी असताना!"

वॉचमनकाकांनी धावत जाऊन इमारतीचा मुख्य खटका खाली ओढला. पंखे थांबले, दिवे गेले, सगळीकडची घूंघूं बंद झाली.

"चारला पाच कमी!" पंडित किंचाळला.

मग काय विचारता! तिघे जिन्यावर अक्षरशः उधळले. पहिला मजला, दुसरा, तिसरा! शेपूट धापा टाकत मागे, तिच्या मागे डॉक्टर, टेलरकाका आणि निम्मी सोसायटी. मामाने दार उघडून ठेवलं होतं. चिमटीने कडं सोडवलं आणि गच्चीवरून आलेल्या तारेचं टोक रेडिओला लावलं. जोड मात्र तिने घट्ट आवळला.

"वीज नाही," टेलरकाका म्हणाले. "रेडिओ कसा लागणार?"

"बॅटरीवर!" मामा हसत म्हणाला. "आणि इमारतीत वीज नाही म्हणजे खरखर करायला कुणीच नाही. बघाच आता!"

रेडिओतून नुसती मऊ, बारीक सळसळ येत होती. आणि मग, स्वच्छ, ठणठणीत आवाजात:

"किनारा, ऐकताय का? चार वाजताची नोंद सांगते. वारा नैर्ऋत्येकडून, वेग बारा. लाटा दीड मीटर. आकाश निरभ्र."

"आई!" पंडित म्हणाला. सर्वज्ञ पंडिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मामाने त्याला एका हाताने जवळ ओढलं. दारात उभे असलेले पंधरा लोक जागचे हलले नाहीत.

"पुन्हा सांगा," किनाऱ्यावरचा माणूस म्हणाला.

आणि मामीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं! बोलणं संपताना ती म्हणाली, "आजची ही शेवटची नोंद. घरी कुणी ऐकत असेल तर, मी मजेत आहे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. डॉक्टरांनी शेपटीला उचलून घेतलं. "आज या तीन पोरांनी आख्खी इमारत वाचवली!" ते म्हणाले. टेलरकाकांनी तिघांना एकेक सदरा शिवून द्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं. वायरमनला बोलावणं गेलं होतं, आणि आता तो आल्यावर वॉचमनकाका स्वतः त्याच्या डोक्यावर उभे राहणार होते.

गर्दीतून वाट काढत नियमकाका पुढे आले.

"मुलांनो, माझं चुकलं," ते सरळ म्हणाले. "न ऐकता दोष दिला. त्या खोलीतलं सामान मी आत्ता माझ्या हाताने काढणार आहे." मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि चिमटीकडे पाहिलं. "पण गच्चीवरची ती तार अशी चालणार नाही!"

चिमटीने लगेच विचारलं, "का, काका?"

"फार खाली बांधली आहे," नियमकाका म्हणाले. "दोन महिन्यांनी जहाज परत जवळ आलं की पहिल्या दिवसापासून ऐकू यायला हवं. पाण्याच्या टाकीवर एक उंच लोखंडी खांब आहे सोसायटीचा. उद्या सकाळी आठ वाजता तुम्ही तिघं गच्चीवर हजर पाहिजे. शिडी मी धरतो!"