आईच्या नावाच्या गोळ्या

ओळखीच्या दुकानात विचारायची लाज वाटली, म्हणून भूमितीच्या बाई चार गल्ल्या ओलांडून दुसऱ्या औषधाच्या दुकानात आल्या. तिथे काउंटरमागे नेमका हसऱ्या डोळ्यांचा तरुण औषधवाला! बाईंची सगळी तयारी पाण्यात गेली.

"सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या... आईसाठी."

"वय?"

"अठ्ठावन्न."

खरं तर एकतीस. वर्षभर पाळी नव्हती, फळ्यासमोर उभं असताना मधूनच अंगाची लाही व्हायची, आणि डॉक्टरांचा कागद पर्सच्या तळाशी घडी होऊन पडला होता.

औषधवाला भारी चौकस. दर महिन्याला तो आईंची विचारपूस करायचा, बाई धडधडीत खोटं सांगायच्या आणि स्वतःचीच लाज वाटून घरी जायच्या. तरी पुढच्या महिन्याचे दिवस मोजायच्याच.

"या गोळ्या करतात तरी काय?" सहाव्या खेपेला त्यांनी विचारलं. त्याने बोलत राहावं, एवढाच हेतू.

"इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, ही किल्ली आणि शरीरात तिची कुलपं असतात असं समजा. वनस्पतीतलं हे द्रव्य त्या किल्लीसारखं दिसतं. कुलपात जातं, पण पुरतं फिरत नाही. कुठे थोडंफार काम करतं, कुठे नुसती जागा अडवून बसतं."

"म्हणजे तोतया."

"सभ्य तोतया," तो हसला. "आईंना चालेल. पण तिशीत पाळी गेलेली कुणी असती, तर मी तिला यावर विसंबू दिलं नसतं. हाडं ठिसूळ होतात हो. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने खरं हार्मोनच... बाई, काय झालं?"

बाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. इतकी काळजी करणाऱ्या माणसाला आपण पाच महिने फसवलं, आणि फसलो आपणच.

"आई ठणठणीत आहे," त्या काउंटरकडे बघत म्हणाल्या. "गोळ्या मी खाते. एकतीस वर्षांची आहे. आणि डॉक्टर म्हणतात, मूल होणं... अवघड आहे. हसा आता."

तो हसला नाही. गोळ्यांची बाटली त्याने हळूच मागे ओढून घेतली.

"उद्याच डॉक्टरांकडे जा. एकटीने नको वाटलं, तर मी येतो."

"एवढं ऐकूनही?"

"मुलाबाळांचं फार पुढचं झालं," तो चाचरला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी तर पाच महिने... तुम्हाला चहाला कसं विचारावं, इथेच अडकलोय."

बाईंनी पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"मग विचारा ना," त्या म्हणाल्या.