चौदा अंशांचं पाणी

मला दुरुस्तीला बोलावलं होतं शेजारच्या पबने. त्यांची बियर थंड ठेवायची खोली बंद पडली होती. पण होबार्टच्या त्या धक्क्यावरची सगळी दारं एकसारखी निळी, आणि डिसेंबरचं, म्हणजे आमच्याकडचं ऐन उन्हाळ्यातलं, ऊन असं डोळ्यांत जाणारं, की मी सरळ भलतंच दार ढकललं… आणि जागच्या जागी थबकले.

आत गारसर काळोख होता. एका भल्यामोठ्या काचेच्या टाकीपुढे एक तरुण गुडघे टेकून बसला होता. काचेला कपाळ लावून कुजबुजत होता, "अजून थोडे दिवस कळ काढ, राजा… पोरं धडधाकट व्हायला हवीत ना आपली?"

"राजा? पोरं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो असा दचकून उठला की टाकीच्या लोखंडी चौकटीवर डोकंच आपटलं.

"गरोदर आहे तो," डोकं चोळत तो म्हणाला.

"तो?"

"तो. शेपटीखाली बघ."

मी वाकले. पाण्यात शेवाळाच्या काडीसारखा एक समुद्री ड्रॅगन, समुद्रघोड्याचा भाऊबंद, तरंगत होता. लांब सोंड, अंगावर पिवळे ठिपके, आणि शेपटीखाली डाळिंबाच्या दाण्यांसारखी गुलाबी अंडी दाटीवाटीने चिकटलेली. याच किनाऱ्यावर वाढलेली मी… पण असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आणि आई कुठेय?"

"अंडी त्याच्या अंगाला चिकटवली आणि गेली. ती बघ तिकडे, खाऊनपिऊन मजेत."

"आवडली मला ही बाई."

तो हसला. काय छान हसला! मी नजर चुकवून खाली बघितलं, तेव्हा पायाला भट्टीसारखी गरम हवा लागली. कोपऱ्यात टाकीचं पाणी थंड करणारा चिलर धापा टाकत होता. आणि त्याच्या जाळीवर… ओला टॉवेल अन् पाणबुड्याचा सूट!

"हे कुणी वाळत घातलंय?"

"मी. गरम हवा येते ना तिथून, तासाभरात खडखडीत—"

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? पाण्यातली उष्णता तो बाहेर फेकतोय आणि तू त्याचं नाक दाबून ठेवलंयस! पाणी किती आहे?"

त्याने थर्मामीटर बघितला. चेहरा पांढराफटक पडला. "सतरा… दोन तासांपूर्वी चौदा होतं."

मी टॉवेल ओढून फेकला, जाळीतली धूळ ब्रशने काढली. हळूहळू चिलरचा श्वास सुधारला. मग आम्ही दोघं फरशीवर बसून आकड्याकडे बघत राहिलो. साडेसोळा… सोळा… दोन तासांनी पंधरा झालं, तेव्हा त्याने डोळे मिटले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, इतका वेळ त्याने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. त्याच्याही लक्षात आलं.

"मी… टादेक," बाही सोडत तो म्हणाला.

"मेरिन. आणि तुझ्यापायी शेजारी सगळी बियर कोमट झालीय."

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

"चिलरचा गॅस बघायला आले."

"बरं."

त्यानंतर दोन दिवसांनी परत.

"गॅस बघायला?" त्याने भुवई उडवली.

"मग? तुला बघायला येईन का?"

"नाही, मला फक्त विचारायचं होतं, गॅसला जेवण लागतं का… आजीने जरा जास्तच दिलंय."

त्याचे आजी-आजोबा इथली धरणं बांधायला पोलंडहून आले होते. आजीच्या हातच्या पिएरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, तो डबाभर आणायचा. मी कोपऱ्यावरून शिंपल्यांच्या सारणाच्या गरम पेस्ट्री आणायची. वरच्या मजल्यावर बसणारी हेस्टर, या प्रजननगृहाची प्रमुख, जिन्यावरून डोकावून म्हणायची, "इतका गॅस तर आख्ख्या होबार्टला पुरेल, मेरिन!"

एक गोष्ट मात्र मला खटकायची. टाकीला चिलर होता, हिवाळ्यासाठी हीटर होता. पण दोन्हींवर लक्ष ठेवणारा कंट्रोलरच नव्हता. टादेक दर दोन तासांनी गजर लावून स्वतः आकडा बघायचा, स्वतः बटणं दाबायचा. कोपऱ्यात त्याची खाटही होती.

"हा काय वेडेपणा?" एकदा मी विचारलंच. "सेन्सर पाण्यात सोडायचा. पाणी तेराच्या खाली गेलं की कंट्रोलर हीटर लावतो, पंधराच्या वर गेलं की चिलर. तू झोपावंस म्हणूनच शोधलीय ती वस्तू."

त्याने काचेवरचा ओघळ बाहीने पुसला.

"होता आमच्याकडे कंट्रोलर," शेवटी म्हणाला. "गेल्या जूनमध्ये… अडतीस पिल्लं होती. पाच महिन्यांची. त्या संध्याकाळी मी आकडा जरासा बदलला आणि घरी गेलो. सकाळी आलो तर पाणी सहा अंश. एकही हललं नाही, मेरिन. मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तो कंट्रोलरचा डबा आहे अजून?"

"कपाटात. टाकवत नाही."

"आण. तुझी चूक नव्हती, हे मी तुला आत्ता दाखवून देते."

किती ऐटीत म्हणाले मी!

तो चहा करायला गेला. मी चार स्क्रू काढले, झाकण उचललं… आणि हात तिथेच थिजले.

झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा हिरवा ठिपका होता. बाबांच्या कंट्रोलरच्या कारखान्यात मी जोडलेल्या प्रत्येक डब्यात असा ठिपका असतो. कुणाचं काम, ते कळावं म्हणून. डबे कुठे जातात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बोटाने तारा तपासल्या. एकदा. दोनदा. हीटरची तार चिलरच्या जागी होती. चिलरची, हीटरच्या जागी.

सगळं लख्ख कळलं. डब्यावर तारीख होती एप्रिलची; तेव्हाच तो लागला. पाणी आपसूकच तेरा ते पंधराच्या मधे राहिलं, म्हणून दोनेक महिने कुणालाच पत्ता नाही. मग पहिली कडाक्याची थंडी पडली. पाणी तेराच्या खाली गेलं, डब्याने हीटरला हुकूम सोडला आणि चालू झाला चिलर. पाणी जितकं गार होत गेलं, तितका तो चालतच राहिला. टादेकने काहीही चुकीचं दाबलं नव्हतं.

"सापडलं काही?" दोन कप घेऊन तो दारात उभा होता.

तार जळली होती… इतकंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"टादेक… हा डबा मी बनवलाय."

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. मी सगळं सांगितलं. त्याने कप इतक्या जोरात खाली ठेवले की अर्धा चहा सांडला.

"म्हणजे… मी नाही?"

"नाही."

"सात महिने, मेरिन! सात महिने मी मनातल्या मनात ते बटण पुन्हा पुन्हा दाबतोय…" त्याचा आवाज फाटला. "तपासला नव्हतास डबा?"

"शुक्रवार होता. निघायची घाई होती. दिवे लागले, म्हणून पाठवून दिला."

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जा तू आता."

मी गेले. पण बाहेर नाही. आधी वर गेले, उघडा डबा हेस्टरच्या टेबलावर ठेवला आणि तिलाही सगळं सांगितलं. मग बाबांना. त्या एप्रिलचे हिरव्या ठिपक्याचे सगळे डबे आम्ही दारोदार फिरून तपासले. आणखी एक उलटा निघाला. नशीब, तो कुणी अजून लावला नव्हता.

टादेकचा फोन नाही. आठवडा गेला. बारा दिवस गेले. मी रोज त्या धक्क्यावरून व्हॅन नेत होते आणि त्या निळ्या दाराशी थांबायचं धाडस होत नव्हतं.

तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ये."

"काय झालं? पाणी—?"

"ये म्हटलं ना!"

मी कशी पोचले, मला आठवत नाही. धाडकन दार ढकललं. टादेक टाकीपुढे उभा होता. पाण्यात बापाच्या आसपास इवली इवली सुतं लोंबत होती. प्रत्येक सुताला दोन काळे डोळे.

"पहाटेपासून एकवीस झाली," तो हळूच म्हणाला.

मला रडूच फुटलं. त्याने मला रडू दिलं.

"हेस्टरने सांगितलं मला. तू त्याच दिवशी वर गेली होतीस."

"हो."

"खोटं बोलता आलं असतं तुला."

"आलं असतं. शब्दसुद्धा तयार होते."

"मग?"

"मग तू जन्मभर ते बटण दाबत बसला असतास."

टेबलावरचं खोकं त्याने माझ्याकडे सरकवलं. आत कोरा करकरीत कंट्रोलर होता.

"जोड."

"मी?"

"तूच. पण तपासून झाल्याशिवाय इथून हलू देणार नाही."

टाकीला हात न लावता, बाजूच्या टबात जादा हीटर आणि चिलर लावून आम्ही तो जोडला. सेन्सर बर्फाच्या मगात बुडवला. बारा… दहा… हीटरचा लाल दिवा लागला. मग कोमट चहात. अठरा… वीस… चिलर घुमायला लागला. पुन्हा बर्फ, पुन्हा चहा. पुन्हा एकदा. सगळं बरोबर.

"अजून एकदा," टादेक म्हणाला. त्याने सेन्सर शर्टाला पुसला, माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून स्वतःची मूठ मिटली.

चोवीस… अठ्ठावीस…

"हे तपासणीत नसतं, टादेक."

"माहितीये." त्याचे कान लाल झाले होते. "माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवतो. पण हे बारा दिवस… त्यापेक्षा तुझ्याजवळ बसून रागावलेलं बरं."

"किती दिवस रागावशील?"

"बघू. घाई नाही मला."

"मला तू आवडतोस," मी म्हणून टाकलं. "पहिल्या दिवसापासून. त्या टॉवेलसकट."

एकतीस… तेहतीस… चिलर जिवाच्या आकांताने घुमत होता, आणि कंट्रोलरची धोक्याची घंटा ठणाणा वाजायला लागली.

वरून हेस्टर ओरडली, "काय तापलंय रे खाली?"

"काही नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो… आणि मूठ तशीच मिटलेली राहू दिली.