स्क्रीनवरच्या नको त्या ओळी

"गप्प बस ना जरा... किती बोलशील," ती स्क्रीनकडे बघून वैतागून म्हणाली.

"मी तर अजून काहीच बोललो नाही," मागून आवाज आला.

ती दचकून वळली. तालीम संपवून सगळे चहाला गेले होते, नाट्यगृह रिकामं होतं. मधल्या रांगेपाशी एक उंचसा तरुण उभा होता. खांद्याला बॅग, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर वाट चुकल्याचा संकोच.

"तुम्हाला नाही म्हटलं," ती म्हणाली.

"बरं झालं. मी मनावर घेतलं असतं."

तो तिकीट खिडकीतला कॉम्प्युटर दुरुस्त करायला आला होता आणि बाहेरचा रस्ता शोधता शोधता भलत्याच दारातून आत शिरला होता. आता निघून जायचं, तर तो तिथेच उभा राहून रंगमंचाशेजारच्या स्क्रीनकडे बघत राहिला. ती स्क्रीन म्हणजे तिचा जीव की प्राण होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी नटांचे संवाद ती ऐकता ऐकता टाइप करायची आणि ते तिथे मोठ्या अक्षरांत उमटायचे. बोटं इतकी झरझर चालायची, की मंडळींनी तिचं नावच टिकटिक पाडलं होतं.

पण या आठवड्यात त्या स्क्रीनला काय झालं होतं कोण जाणे. ऐन संवादावर बारीक, पांढऱ्या इंग्रजी ओळी येऊन आडव्या पडायच्या. नायिका रडतेय आणि तिच्या वाक्यावरून आकडे धावतायत... नट हसायचे, मॅनेजर चिडायचा.

"कन्सोलचे संदेश आहेत हे," तो जवळ येत म्हणाला. "यंत्राच्या आत कुठे खुट्ट झालं, की ते इथे लिहून मोकळं होतं. तुमची अक्षरं काढणारा भाग वेगळा. आपल्या भिंतीवर दुसऱ्याच कुणीतरी खरडून ठेवलंय याचा त्याला पत्ताच नसतो. मग तो पुसणार तरी कसा?"

"राहतात एका घरात आणि बोलत नाहीत एकमेकांशी?"

"असतात अशी घरं," तो हसला. "बघू का? तुमची हरकत नसेल तर..."

तिची हरकत नव्हती. खरं तर तिला कुणीतरी हवंच होतं. शनिवारी दुपारी पहिला प्रयोग होता आणि दुसऱ्या रांगेत तिचे बाबा बसणार होते. बाबा एके काळी नाटकांचे वेडे होते. कान गेले तेव्हापासून त्यांनी नाट्यगृहाची पायरी चढणं सोडलं. 'माणसं नुसती तोंडं हलवताना बघायची, तर काचेच्या टाकीतले मासे काय वाईट?' असं म्हणून ते विषय संपवायचे. या वेळी तिने त्यांना कसंबसं तयार केलं होतं.

हे सगळं ती एका अनोळखी माणसाला का सांगत बसली, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने मान हलवली, दोन-चार आज्ञा टाइप केल्या आणि म्हणाला, "केलं तोंड बंद. आता नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत स्क्रीन लख्ख होती. इतकी, की दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तिच्यावर काहीच उमटेनासं झालं. तिची बोटं चालत होती, अक्षरं येत नव्हती... मग आपोआप पुन्हा यायला लागली. तोवर पाच-सहा संवाद हवेत विरले होते.

"शनिवारी असं झालं तर स्क्रीन बंद," मॅनेजर म्हणाला. "कायमची."

तिने त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तेव्हा तो जेवायला बसत होता. ताट तसंच ठेवून आला.

"तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण धार होती. "ते काहीतरी सांगत होतं. आपण ऐकूनच नाही घेतलं."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "ते आधी वाचायला हवं होतं. पण मला... तुम्हाला लवकर खूश करायचं होतं."

तिच्या रागाची सगळी हवाच गेली. ती उगीचच किबोर्ड सरळ करत राहिली.

या वेळी त्याने घाई केली नाही. संदेश पुन्हा सुरू केले, पण त्यांची वाट वळवली. तिच्या टेबलावर जो छोटा मॉनिटर होता, त्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी उघडून दिली. "आता ते बोलेल, पण फक्त तुमच्याशी. चारचौघांत नाही."

संध्याकाळच्या तालमीत ती खिडकी बोलली. किबोर्ड निघाला... किबोर्ड जोडला. तिने नजर उचलली. समोर पडदा नुकताच वर जाऊन थांबला होता. नाटक तिला तोंडपाठ होतं. त्या पांढऱ्या ओळी कुठे कुठे यायच्या, ते आता तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. प्रत्येक वेळी पडदा हलत होता.

"तुम्ही टेबलाखाली जा," ती म्हणाली.

"हुकूम," म्हणत तो गेला. तिने विंगेत धावत जाऊन पडद्याचं बटण दाबलं. मोटर घरघरली, लाकडी तळ थरथरला.

"हलतोय," तो खालून ओरडला. "किबोर्डचा प्लग ढिला आहे. थरथर इथवर पोचतेय."

त्याने नवी केबल आणली, दुसरी घट्ट जागा शोधली. केबल टेबलाच्या पायाला बांधायला ती खाली वाकली आणि तिने गाठ करकचून ओढली.

"माझं बोट आहे आत," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... तशी घाई नाही सोडवायची."

तिने सोडवलं. अंमळ सावकाशच.

मग त्यांनी पडदा वर घेतला, खाली घेतला, मंडळी हात जोडेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतला. कोपऱ्यातल्या खिडकीत एक ओळ येईल तर शपथ.

शनिवारी नाट्यगृह भरलं. तो तिच्या टेबलाशेजारी, त्या खिडकीवर नजर ठेवून बसला. पडदा उठला. तिची बोटं धावू लागली, अक्षरं उमटू लागली आणि पहिल्या विनोदाला सगळं नाट्यगृह हसलं. दुसऱ्या रांगेतून बाबाही हसले. मागाहून नाही, शेजाऱ्याचा चेहरा बघून नाही... सगळ्यांच्या बरोबर. तिचे डोळे भरून आले, पण टाइप करताना डोळे पुसायला हात मोकळे नसतात. त्याने रुमाल पुढे केला आणि अलगद तिच्या गालावर टेकवला.

नाटक संपलं, तरी टाळ्या थांबता थांबेनात. स्क्रीनच्या समोर बसलेली माणसं उभी राहून तिच्या दिशेनेही टाळ्या वाजवत होती. मॅनेजर आला, घसा खाकरून म्हणाला, "स्क्रीन प्रत्येक प्रयोगाला राहील," आणि कुणी आभार मानायच्या आत सटकला.

बाहेरच्या दालनात बाबांनी तिला मिठी मारली. मग तिच्या मागे उभ्या तरुणाकडे बघून, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात विचारलं, "हा कोण?"

आजूबाजूच्या माना वळल्या. ती गोरीमोरी झाली. जवळून बाबांना तिचे ओठ वाचता येत, म्हणून घरी बापलेक कधी कधी आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि ओठ हलवले.

"आवडतो?" बाबा दालनभर ऐकू जाईल असं म्हणाले. "मग त्याला सांग की. मला काय सांगतेस?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. जमिनीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. ती हळूहळू वळली. तो कानापर्यंत लाल झाला होता, पण जागचा हलला नव्हता.

"बाबांनी... नीट ऐकलं ना?" त्याने विचारलं.

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "वाचता मात्र चोख येतं."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मी परवाच सांगणार होतो. टेबलाखाली. पण बोट अडकलं होतं आणि... पुढच्या प्रयोगाला येऊ का मी?"

"आता काय दुरुस्त करायचं राहिलंय?"

"काहीच नाही. उगीच."

तिने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"मग ये," ती म्हणाली. "तू ये."