थोरली आणि धाकटी

"ती गाडी मलाच मारायला निघाली होती," कारखान्याची मालकीण म्हणाली. पाण्याचा पेला तिने न पिताच खाली ठेवला.

कोर्ट सोडून खासगी तपासाचं काम धरलेल्या वकीलबाई तिच्यासमोर बसल्या होत्या. शेजारी त्यांचे दीर. माणूस भला, पण डोकं जरा उशिरा चालायचं.

"सुरुवातीपासून सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

युद्धातल्या भंगार गाड्या दुरुस्त करायचा हा कारखाना तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर तो एकुलत्या लेकीकडे आला. एकाच साच्यातले दोन चिलखती ट्रक त्यांचे विशेष लाडके. त्यांना त्यांनी जावांसारखी नावं ठेवली होती: थोरली आणि धाकटी. धाकटी तयार झाली होती. थोरलीचे ब्रेक मात्र अजून खोललेले होते.

"जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला धाकटी मी नेणार होते. ऐनवेळी ताप भरला, म्हणून ड्रायव्हर गेला. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. गाडी भिंतीवर आदळून पेटली. बिचारा आतच गेला. आदल्या दिवशी ब्रेक मी स्वतः तपासले होते हो! पोलीस म्हणतात अपघात. कामगार म्हणतात, धाकटी झपाटलेली होती. मला तर दार वाजलं तरी धस्स होतं."

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. दारातूनच उतार सुरू होत होता आणि खालची भिंत काळीठिक्कर पडली होती. दाराशी उरलेला ट्रक उभा होता. चिलखतातली समोरची अरुंद फट अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी दिसत होती. नाकावर पाटी: थोरली.

"वहिनी, हिच्याजवळ नका जाऊ," भाऊजी पुटपुटले.

वकीलबाई वाकून पाटीचे स्क्रू बघत होत्या. पाटीवर, स्क्रूवर सगळीकडे हिरवा रंग होता. फक्त स्क्रूच्या खाचा लखलखत होत्या.

रंगारी म्हणाला, "बाई, दोघींचा रंग एक, सीटसुद्धा एकसारखी. पाटी नसती तर मलाही ओळखता आल्या नसत्या. त्यात कामाप्रमाणे जागा बदलायच्या."

मालकिणीचा नवरा घामाघूम झाला होता. "हे सगळं विकून टाक म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी तापात तिला उठू दिलं नाही ते मीच."

शेवटी काका आले. मालकिणीच्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचे डोळे सुजलेले होते. "चाकाखालचा ओंडका नेहमीसारखा मीच ओढला. पोरानं पहिला गिअर टाकायला हवा होता. थोरलीला उतारावर इंजिनानंच धरावं लागतं."

भाऊजींनी हळहळून मान हलवली. सगळे पांगल्यावर वकीलबाई एकट्याच ट्रकमध्ये चढल्या आणि लगेच उतरल्या. मग त्यांनी सर्वांना दाराशी बोलावलं.

"मालकीणबाई, थोरली उतारावर घ्या. मी शेजारी बसते."

"हिला ब्रेक नाहीत!" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्यावर विश्वास आहे ना?"

ती चढली. इंजिन धडधडलं. "भाऊजी, ओंडका ओढा."

भाऊजी कचरले, पण वहिनींचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. ओंडका निघाला. ट्रक पुढे सरकला.

"थांबवा!" नवरा किंचाळत आडवा धावला. रंगारी खालच्या कामगारांना ओरडून बाजूला हटवू लागला. उतारावर वेग वाढला, काळी भिंत फटीतून अंगावर येऊ लागली.

"आता दाबा!"

ट्रक करकचून जागच्या जागी उभा राहिला.

वकीलबाई खाली उतरल्या. "ही धाकटी आहे. मघाशी आत चढून मी ब्रेक दाबून पाहिले होते. जळाली ती थोरली. कोणीतरी पाट्या बदलल्या, म्हणून स्क्रूच्या खाचांतला रंग निघालाय. आत्ता सगळे घाबरले. निघताना फटीतून मला दिसलं, तुम्ही तेवढे हात बांधून उभे होतात, काका. ब्रेक आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं."

"काहीतरीच काय!"

"सगळं जग म्हणतं धाकटी आदळली. तुम्ही म्हणालात, थोरलीला इंजिनानं धरावं लागतं. ड्रायव्हर थोरलीत होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

काका एकदम ओरडले, "यातला एकेक नट मी बसवलाय! दादानं नावं ठेवली, कौतुक त्याचं झालं. आणि मरताना सगळं हिला!"

"ओंडका ओढताना आत ड्रायव्हर आहे हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मग काय सांगणार होतो त्याला?" काका शांतपणे म्हणाले. "उतर म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का."

भाऊजींनी तोंडावर हात धरला.

मालकीण अजून आतच होती. तिने सगळं ऐकलं होतं. स्टिअरिंगवर आवळलेली तिची बोटं नवरा एकेक करून सोडवत होता, आणि ती त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, "ड्रायव्हरच्या आईला मी काय सांगू?"