कॅसेटच्या सुरुवातीचा आवाज

सकाळी साडेनऊला अद्वयचा फोन आला.

"मावशी, ताबडतोब रोह्याला ये. साराआजीची कॅसेट कुणीतरी पुसली."

पद्मजा पेणच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. भाच्याच्या भानगडीत लक्ष घालायला तिच्याकडे आता वेळच वेळ होता. चहा तसाच टाकून तिने गाडी काढली.

रोह्याच्या हॉलमध्ये 'रेट्रो बेंजो महोत्सवा'ची तयारी चालली होती. संध्याकाळी उद्घाटन. भिंतीवर उद्घाटनाचे पाहुणे, पेणचे मोरोपंत यांचा भलाथोरला फोटो, खाली 'कुंडलिका चालीचे जनक'. फुलाफुलांचे शर्ट घातलेली पोरं इकडून तिकडे धावत होती. लग्नावरातीत वाजणाऱ्या बेंजो पार्ट्यांच्या वैभवाच्या काळात यांच्यातलं एकही जन्मलेलं नव्हतं.

कोपऱ्यात सारा बसली होती. वय ब्याऐंशी. तिच्या आळीतली बाकीची बेने इस्रायली ज्यू घरं कधीच इस्रायलला गेली होती.

"सारामावशी, काय होतं कॅसेटवर?"

"डेव्हिड होता गो. माझा धाकटा भाऊ. बेंजो त्याचा, ही कुंडलिका चाल पण त्याची. वाजवायच्या आधी बोलला हाय तो, सगल्यांची नावं घेतली हायत. तिकडं गेला नि दोन वर्सांत वारला. आवाज तेवढाच राहिलेला."

"तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?"

"वीस वर्सं झाली. टेपच बंद पडला. हा पोरगा म्हणाला, आज स्टेजवर ऐकवतो. म्हणून दिली."

पद्मजाने वॉकमन कानाला लावला. आधी वीसेक सेकंद कुणीच बोललं नाही. लांबून कसलीशी घरघर, मग शांतता, पुन्हा घरघर. आणि एकदम चाल सुरू झाली.

"अद्वय, तू ही आधी ऐकली नव्हतीस?"

"नाही. जुनी टेप, तुटली तर? म्हटलं, पहिल्यांदा स्टेजवरच वाजवू. आज सकाळी साराआजीसाठी लावली, तेव्हा कळलं."

"मोबाइलवर कॉपी?"

"आमचा नियमच आहे मावशी. डिजिटल आवाज नको. आमच्यातल्या सुरभीनं कॅसेट आली तेव्हा तिचे फोटो मात्र काढलेत."

पद्मजाने कपाळाला हात लावला. जुन्यावर एवढं प्रेम, आणि ऐकायला कुणाला सवड नाही!

कॅसेट कोणाकोणाकडे होती? तीन दिवस अद्वयकडे, दोन दिवस सुरभीकडे. दोघंही रोह्याचेच. नंतर पाहुण्यांनी आधी बघावी म्हणून दोन दिवस पेणला, मोरोपंतांकडे.

सुरभीच्या फोटोत कॅसेटच्या वरच्या कडेला दोन रिकाम्या खाचा दिसत होत्या. आज त्यांतल्या एकीवर पारदर्शक चिकटपट्टी होती, कोरी करकरीत.

"ही का लावलीस गं?"

"मी नाही लावली," सुरभी गोंधळली. "कशाला लावतात?"

"तुमच्याकडे वाजवायला काय आहे?"

"वॉकमन. आणि अद्वयचा गाडीतला प्लेअर."

पद्मजाने कॅसेट पर्समध्ये टाकली आणि अद्वयला गाडीत बसवलं. गाडी तिने पेणच्या रस्त्याला लावली.

मोरोपंत झब्बा घालून तयारच होते. पंचाहत्तरीतही ताठ होते.

"कॅसेट? देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. ऐकणार कशावर? रेडिओ-टेपचा टू-इन-वन बिघडून वर्षं झाली."

"डेव्हिड आठवतो?"

"होता एक. वाजवायचा बरा."

तेवढ्यात शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कंप्रेसर सुरू झाला. घरघर. मग थांबला. पुन्हा घरघर.

"दिवसभर हेच," मोरोपंत वैतागले. "कान किटले नुसते!"

पद्मजाने वॉकमन त्यांच्या हातात दिला. "आता हे ऐका."

ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी वर रेकॉर्ड करू नये म्हणून डेव्हिडने खाचांतलं प्लास्टिक मोडलं होतं," पद्मजा म्हणाली. "खाच चिकटपट्टीने झाकली की रेकॉर्डचं बटण पुन्हा दबतं. हे सुरभीला ठाऊकच नाही. आणि पोरांच्या यंत्रांना रेकॉर्डचं बटणच नाही. ते तुमच्या टू-इन-वनला आहे, आणि तो बिघडलेला नाही. बटण दाबलं की त्याचा माइक चालू होतो, हे तुम्ही विसरलात. डेव्हिडचा आवाज गेला आणि त्या जागी तुमच्या खोलीतला हा कंप्रेसर आला."

मोरोपंत खुर्चीत बसले.

"एकदा पत्रकावर चुकून माझं नाव छापलं. डेव्हिड नुकताच इस्रायलला गेला होता. मी काही बोललो नाही. मग लोकच म्हणू लागले. ही पोरं तर पाया पडायला लागली."

"काय बोलला होता तो?"

"'चाल डेव्हिडची. खुळखुळ्यावर आमचा मोरू.'" त्यांनी वॉकमन खाली ठेवला. "आमचा म्हणाला हो. मीही त्याच्याबरोबर पुसला गेलो."

अद्वयचे डोळे भरले होते. "आजोबा, संध्याकाळी स्टेजवर हे सांगाल?"

"सांगेन. पण त्याचा आवाज कुठून आणू?"

पद्मजाने वॉकमन उचलून पर्समध्ये टाकला.

दुपारी हॉलमध्ये पोरांनी फोटोखालची ओळ खरवडून 'चाल डेव्हिडची' असं लिहिलं. पद्मजाने साराला सगळं सांगितलं. सारा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं पद्मजाला वाटलं.

"नाव लावलात, बरं केलात," सारा म्हणाली. "ते शब्द मला पाठ हायत गो. आवाज आठवत नाय. शेवटचा मोरूनंच ऐकला ना?"

"हो."

"मग त्याला इचार. कसा होता?"

पद्मजाने मोरोपंतांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि साराच्या हातात दिला.

"मोरू, सारा बोलते. माझा डेव्हिड कसा बोलायचा रे?"

पलीकडून फक्त कंप्रेसरची घरघर येत राहिली.